फोटोवर बोलण्याआधी पक्ष्याकडे पाहावे

वन्यजीवांच्या छायाचित्रांवर आपल्याकडे बोलले भरपूर जाते, पण त्यातले छायाचित्रकाराच्या उपयोगी पडेल असे फार थोडे असते. ‘अप्रतिम’, ‘क्या बात है’, ‘जबरदस्त क्लिक’ हे शब्द कानाला गोड लागतात, आणि पहाटे चारला उठून पुण्याहून भिगवण गाठणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते येऊ नयेत असे मी म्हणणार नाही. कौतुक कोणाला नको असते? मात्र पुढच्या खेपेला काय वेगळे करायचे, हे त्या शब्दांतून कळत नाही. दुसऱ्या टोकाला ‘शार्प नाही’, ‘क्रॉप जमला नाही’, ‘एक्स्पोजर गंडलंय’ अशी एका फटक्यात निकाल लावणारी वाक्ये असतात आणि त्यांतूनही हाती फारसे काही लागत नाही. आम्ही काही मित्रमैत्रिणी कित्येक वर्षे महिन्यातून एकदा एकत्र बसून एकमेकांचे फोटो मोठ्या पडद्यावर पाहत आलो आहोत. त्या बैठकांतून माझे एक मत पक्के झाले आहे. वन्यजीवांच्या छायाचित्रावरचा अभिप्राय कॅमेऱ्यापासून नव्हे, तर प्राण्यापासून सुरू व्हायला हवा. प्राणी त्या क्षणी काय करत होता, ते त्याचे नेहमीचे वागणे होते की आपण तिथे असल्यामुळे घडलेले, हे आधी नीट पाहिले तर तांत्रिक बाजूंवरचे बोलणेही आपोआप नेमके होते.

भिगवणच्याच एका फोटोचे उदाहरण सांगतो. तिथे उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे उतरतात आणि उन्हाळ्यात पाणी ओसरेपर्यंत उथळ भागात चरत राहतात. भिगवणजवळच्या कुंभारगावातले मच्छीमार आपल्या होड्यांतून पक्षी दाखवायला नेतात. आमच्यातल्या एका मैत्रिणीने या पाण्यावर टिपलेला रोहितांच्या उड्डाणाचा फोटो बैठकीत दाखवला. संपूर्ण थवा पाण्यावरून धावत हवेत झेपावण्याच्या बेतात होता. उघडलेल्या पंखांतला लालभडक पट्टा आणि त्याखालची काळी पिसे, पायांमागे उडालेले पाण्याचे शिंतोडे आणि सगळ्यांवर पसरलेले कोवळे ऊन. फोटो पडद्यावर येताच खोलीत वाहवा झाली. आमच्यात एक निवृत्त प्राणिशास्त्राचे शिक्षक आहेत, त्यांना आम्ही सगळेच सर म्हणतो. त्यांनीही फोटो मनापासून पाहिला आणि मग विचारले, “अगं, हे उडाले कशामुळे? आधीच्या फ्रेम्स आहेत का तुझ्याकडे?”

फ्रेम्स होत्या. त्या एकामागून एक पाहिल्यावर सगळा प्रसंग उलगडत गेला. पहिल्या काही फ्रेम्समध्ये सगळ्या माना खाली होत्या आणि चोची उलट्या करून पाण्यात बुडवलेल्या होत्या. रोहित असाच चरतो, चिखलपाणी चोचीत घेऊन गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव खातो. त्यानंतरच्या फ्रेममध्ये दोन-तीन माना वर आलेल्या होत्या. पुढे सगळ्याच माना ताठ झाल्या, तोंडे एका दिशेला वळली आणि थवा होडीपासून दूर चालू लागला. त्याच्याही पुढची फ्रेम म्हणजे ती सुंदर झेप. होडीतल्या इतर पर्यटकांनी आणखी जवळ नेण्याचा आग्रह धरला होता आणि नावाड्याला तो मोडवला नव्हता, हे तिने तेव्हा सांगितले. असे गाळून खायला पक्ष्यांना तासन्‌तास लागतात. दर अर्ध्या तासाने एखादी होडी त्यांना उडवत राहिली, तर मिळवलेली ऊर्जा उड्डाणातच खर्ची पडते.

या चर्चेतून तिच्या हाती दोन गोष्टी आल्या, आणि म्हणूनच तो अभिप्राय मला आदर्श वाटतो. माना वर येऊ लागल्या की तिथेच होडी थांबवायची, ही त्यातली पहिली. दुसरी गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती: तिच्याकडचा सर्वांत चांगला फोटो उड्डाणाचा नव्हताच. निम्मा थवा चरण्यात गढलेला आणि मधूनच दोन-तीन उंच माना पहाऱ्यावर, ही त्या मालिकेतली मधली फ्रेम कितीतरी अधिक बोलकी होती. तिने ती निवडलीच नव्हती, कारण उडत्या रोहितांचे फोटो सगळीकडे वाखाणले जातात आणि चरणाऱ्या रोहितांकडे कोणी थांबून पाहत नाही.

त्याच बैठकीत उड्डाणाच्या फोटोवर तांत्रिक बोलणेही झाले, आणि तेही तेवढेच उपयोगाचे होते. पंखांतल्या लाल भागात पिसांचे तपशील उरले नव्हते, तिथे नुसता रंगाचा सपाट डाग झाला होता. एरवी कोणीतरी ‘लाल फार भडक झाला, सॅच्युरेशन कमी कर’ असे म्हणून मोकळे झाले असते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) उघडल्यावर खरे कारण समोर आले. सर्व रंगांचा एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, ज्याची उजवी कड म्हणजे सर्वांत उजळ टोक) व्यवस्थित होता, पण लाल रंगाचा वेगळा आलेख उजव्या कडेला जाऊन आदळला होता. रोहित, नीलपंख किंवा पळसाची फुले अशा एकाच गडद रंगाच्या विषयांत हे नेहमी घडते, कारण एकत्रित आलेख पाहून तो एक रंग हाताबाहेर गेल्याचे लक्षात येत नाही. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप (उजेड मोजण्याचे माप) कमी ठेवायचे आणि कॅमेऱ्यावर तीन रंगांचे आलेख वेगवेगळे पाहायचे, हा सल्ला लगेच पुढच्या रविवारी वापरता येतो.

प्राणी आधी आणि कॅमेरा नंतर, हा क्रम मोठमोठ्या परीक्षकांच्याही हातून सुटू शकतो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत 2009 साली स्पेनमध्ये टिपलेल्या एका छायाचित्राला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. त्यात एक लांडगा रात्रीच्या वेळी लाकडी फाटकावरून झेप घेताना दिसत होता. प्रकाशयोजना आणि क्षणाची निवड यांत बोट ठेवायला जागा नव्हती. पुढे तो लांडगा जंगली नसून माणसाळवलेला असावा, अशा निष्कर्षाला परीक्षक आले आणि जानेवारी 2010 मध्ये पुरस्कार काढून घेण्यात आला. छायाचित्रकाराने हा आरोप नाकारला होता. जंगली लांडगा उंच फाटकावरून उडी घेण्यापेक्षा दांड्यांमधून किंवा खालून निसटून जाईल, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला होता. 2017 च्या स्पर्धेतही असेच झाले. ब्राझीलमधल्या एका वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊचे छायाचित्र आपल्या गटात विजेते ठरले. वारुळावर चमकणाऱ्या अळ्यांचे हिरवट दिवे, वर ताऱ्यांनी भरलेले आकाश आणि पुढे तो मुंगीखाऊ. त्यातला प्राणी पेंढा भरलेला असण्याचीच शक्यता अधिक आहे, असे तज्ज्ञांनी तुलना करून सांगितल्यावर 2018 मध्ये तोही पुरस्कार रद्द झाला. त्याही छायाचित्रकाराने ते मान्य केले नाही. वाद कोणाच्या बाजूने सुटला यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही वेळा शंका आली ती प्राण्याकडे पाहणाऱ्यांना. चित्राची मांडणी पाहणाऱ्यांना त्यात काहीच खटकले नव्हते.

आपल्याकडे इतक्या टोकाचे प्रकार विरळा असतील, पण लहान प्रमाणात ते रोजचे आहेत. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी समोरच्या फांदीवर छाती काढून बसलेला दिसतो, तेव्हा फोनवरून त्याच्याच हाकेचे ध्वनिमुद्रण वाजवले होते का, हे विचारायला हवे; विणीच्या काळात अशी हाक ऐकून आपल्या हद्दीत दुसरा नर शिरल्याच्या समजुतीने तो धावून येतो आणि तिथेच अडकून पडतो. आंबोलीत पावसाळी रात्री दिसणारा मलबारी उडता बेडूक एखाद्या लालचुटुक फुलावर अगदी मधोमध बसलेला दिसला, तर त्याला तिथे कोणी बसवले, असा प्रश्न मनात यायला हवा. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो आणि आपल्या हाताला डास पळवणारे मलम लागलेले असते. घरट्यावर पिल्लांना भरवणाऱ्या पक्ष्याचा फोटो इतका स्वच्छ कसा, समोरच्या फांद्या कोणी बाजूला केल्या का, हेही विचारावे. फांदी हटली की ऊन आणि कावळे दोघांनाही वाट मोकळी होते. काही स्पर्धा घरट्यावरचे फोटो स्वीकारतच नाहीत, ते याच कारणाने.

मात्र हे सगळे प्रश्नाच्या रूपात विचारावे, आरोपाच्या नव्हे, आणि गंभीर शंका असेल तर चारचौघांत न विचारता एकट्याला गाठून विचारावे. मी या बाबतीत फार आग्रही आहे. चारचौघांत अपमान झालेला माणूस सहसा सुधारत नाही. तो फक्त पुढच्या वेळी फोटो कसा काढला हे सांगायचे थांबवतो. असे झाले की प्राण्याच्या बाजूने बोलण्याची संधीच जाते. शिवाय पुष्कळदा उत्तर साधे आणि निर्दोष निघते. एखादा धीट पिंगळा खरोखरच माणसाच्या पाच फुटांवर निवांत बसून राहतो आणि गावाच्या वेशीवरचे पिंगळे तर माणसांना सरावलेलेच असतात.

आता ‘शार्प नाही’ या शेऱ्याकडे वळतो, कारण तो सर्वांत जास्त वापरला जातो आणि त्यातून सर्वांत कमी सांगितले जाते. फोटो अस्पष्ट येण्याची कारणे निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. सगळीच फ्रेम, म्हणजे न हलणारे दगड आणि गवतसुद्धा, एकाच दिशेने ओघळल्यासारखी दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. बीनबॅग (लेन्स टेकवायची मऊ पिशवी) वापरावी किंवा शटरचा वेग वाढवावा. डोळा स्वच्छ आहे आणि फक्त पंखांची टोके विरघळली आहेत, तर पक्ष्याच्या वेगाला शटर अपुरे पडले आहे. पाण्यावर सूर मारणाऱ्या नदी सुरय या पक्ष्यासाठी 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागते. पण पंखांचा असा धूसरपणा मुद्दाम ठेवलेलाही असू शकतो आणि पुष्कळदा तो शोभतोही, तेव्हा हा दोष आहे असे ठरवण्याआधी विचारून घ्यावे. पक्षी धूसर आणि त्याच्या मागची किंवा पुढची काडी मात्र लख्ख दिसत असेल, तर फोकस दुसरीकडे गेला. पिसांचा पोत मेण लावल्यासारखा गुळगुळीत झाला असेल, तर संगणकावर नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) काढताना हात जड पडला आहे.

याहून वेगळे, आणि माळरानावर हमखास भेटणारे कारण म्हणजे तापलेल्या हवेची थरथर. बारामतीजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात मार्चमधल्या दुपारी लांबवरच्या चिंकाऱ्याचा फोटो घेतला, की फ्रेममध्ये कोणतीच गोष्ट स्वच्छ नसते, कडा लाटांसारख्या वेड्यावाकड्या होतात आणि लागोपाठच्या दोन फ्रेम्समध्ये त्या निरनिराळ्या दिसतात. अशा फोटोला ‘फोकस चुकला’ म्हटले, की फोटो काढणारा बिचारा लेन्स दुरुस्तीला टाकतो किंवा कर्ज काढून नवी घेतो. लेन्स कितीही महाग घेतली तरी मधली दोनशे मीटर गरम हवा काही हटत नाही. सूर्य वर चढण्याआधी जावे आणि गाडीतच शांत बसून चिंकारा आपणहून जवळ येण्याची वाट पाहावी, एवढाच त्यावर इलाज आहे. असे निदान करायचे, तर फोटो मूळ आकारात आणि जमल्यास आधीच्या-नंतरच्या फ्रेम्ससह पाहावा लागतो.

यातूनच एक पथ्य निघते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकसून, दाबून आलेला असतो. त्याच्या स्पष्टतेवर मत देऊ नये. रंगांचेही तसेच आहे. आपल्या फोनचा पडदा बहुधा रंग चढवून दाखवतो, तोच फोटो कार्यालयातल्या जुन्या मॉनिटरवर निळसर दिसतो, आणि अ‍ॅडोबी आरजीबी रंगपटात जतन केलेली फाइल काही अ‍ॅपमध्ये उगीचच फिकट दिसते. ‘रंग मेले आहेत’ असे सांगण्याआधी दोष फोटोत आहे की आपल्या पडद्यात, हे तपासणे आपलेच काम आहे.

छायाचित्रकाराच्या हातात काय होते, हेही लक्षात घ्यायला हवे. ताडोबात जिप्सीतून टिपलेल्या वाघाच्या फोटोवर ‘कॅमेरा खाली, डोळ्यांच्या पातळीवर हवा होता’ असे सांगणारे अनेक भेटतात. तत्त्व बरोबर आहे, पण तिथे गाडीतून खाली उतरता येत नाही. गाडी कुठे उभी करायची हे चालक आणि वाटाड्या ठरवतात, आणि गाडीतल्या प्रवाशांपैकी आपल्या वाट्याला कोणती बाजू येईल हे नशिबावर असते. त्या माणसाला उपयोगी सल्ला वेगळा असतो: वाघ दूर असतानाच टिपून घे, कारण अंतर जितके जास्त तितका वरून खाली पाहण्याचा कोन सौम्य होतो. मी स्वतः अशा वेळी आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मागच्या गाड्या आणि माणसे कापून टाकलेला वाघाचा चेहरा हजारोंकडे आहे. गाड्यांच्या रांगेपुढून जाणाऱ्या वाघाची रुंद फ्रेम काढली असेल, तर ती पुसू नका.

अभिप्राय घेणे हे देण्याहून कठीण आहे असे मला वाटते, आणि त्यात पहिली कसोटी असते ती गप्प राहण्याची. फोटो पडद्यावर आला, की त्यामागची कहाणी सांगण्याचा मोह अनावर होतो: किती चाललो, किती वेळ चिखलात पालथे पडून राहिलो, जळवांनी कसे पछाडले. ही कहाणी आधी सांगितली, की पाहणाऱ्याचे डोळे त्या कष्टांनी भारावतात आणि तो फोटो न पाहता आपल्याला पाहू लागतो. म्हणून आमच्या बैठकीत एक रिवाज पडला आहे. सगळ्यांनी फोटोत काय दिसते ते बोलून होईपर्यंत काढणाऱ्याने बोलायचे नाही. आपल्याला जे दाखवायचे होते ते इतरांना दिसलेच नाही, हे अशा वेळी कळते आणि ते कोणत्याही शेऱ्याहून मोलाचे असते. नुसते ‘कसा वाटला?’ विचारण्याऐवजी ‘या दोन फ्रेम्सपैकी कोणती ठेवू?’ किंवा ‘नजर आधी कुठे जाते?’ असे विचारले, तर उत्तरेही कामाची येतात.

पण मिळालेला प्रत्येक सल्ला मानायचा असतो असे नाही. सुप्याच्या माळावर मी टिपलेला धाविक पक्ष्याचा एक फोटो आहे. धाविक हा कोरड्या, खडकाळ माळाचा पक्षी. तांबूस डोके, डोळ्यामागे जाणारे काळे-पांढरे पट्टे आणि उंच फिकट पाय. माझ्या फ्रेममध्ये तो डाव्या कोपऱ्यात अगदी लहान दिसतो आणि उरलेली जागा नव्याने नांगरलेली जमीन आणि प्लॉट पाडल्याच्या पांढऱ्या दगडांनी व्यापली आहे. जवळपास सगळ्यांचे मत ‘क्रॉप करून पक्षी मोठा कर’ असे पडले. मी तो केला नाही आणि करणारही नाही, कारण ते दगड हाच त्या फोटोचा विषय आहे. माळरान म्हणजे पडीक जमीन असे समजून तिथे झाडे लावणाऱ्या किंवा प्लॉट पाडणाऱ्या माणसाला धाविक कुठे राहतो हे दिसायला हवे, आणि पक्षी मोठा केला की नेमके तेच फ्रेमबाहेर जाते. पण त्याच चर्चेत एकाने विचारले, “ही नांगराची तासं पक्ष्याकडे येतायत, की त्याच्यापासून लांब जातायत?” हा प्रश्न मी जपून ठेवला आहे. नजर दगडांवरून तासाच्या रेषेने पक्ष्यापर्यंत पोचली, तर तेच म्हणणे अधिक ठसेल, आणि त्यासाठी माळावरची उभे राहण्याची जागाच बदलून पाहावी लागेल.

छायाचित्रकारांच्या वर्तुळाबाहेरचा अभिप्राय आपण फार कमी घेतो, याची मला खंत वाटते. कुंभारगावच्या नावाड्याला कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवला, तर तो शटर किंवा आयएसओ विचारत नाही. एकदा थव्याचा असाच फोटो पाहून एक नावाडी म्हणाला, “दादा, ह्ये करडं पिल्लू घेतलंय ते बरं केलंत, लोक निसते गुलाबीच काढत्यात.” रोहिताची पिल्ले गुलाबी नसतात, राखाडी-तपकिरी असतात, आणि त्या थव्यातले ते एकटे पिल्लू फ्रेममध्ये असणे ही माझ्या दृष्टीने त्या फोटोतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती, बैठकीत ती एकाच्याही नजरेत आली नव्हती. पाण्याची पातळी किती, यंदा थवा कुठे चरतो, कोणत्या बाजूने होडी नेली तर माना वर येत नाहीत, हे ज्याला रोज दिसते, त्याच्याएवढा जाणता परीक्षक आपल्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

म्हणून येत्या हिवाळ्यातली एक बैठक पुण्यात न घेता कुंभारगावातच घ्यायची असे आम्ही ठरवले आहे. पडदा आणि प्रोजेक्टर आम्ही नेणार आहोत. फोटो नावाडी आधी पाहतील आणि आधी तेच बोलतील. उड्डाणाचे फोटोही त्यांत असतील, आणि थवा कशामुळे उडाला हे प्रत्येक फोटोपुढे त्यांनाच विचारायचे, असे सरांनी सुचवले आहे.